शर्ली टेंपलचं ‘चाइल्ड स्टार’ : हिशेब न लपवणारं आत्मचरित्र

हॉलिवूडच्या एकेकाळच्या बालकलाकार शर्ली टेंपल ब्लॅक यांचं ‘चाइल्ड स्टार’ हे १९८८ सालचं आत्मचरित्र पाचशे पानांच्या वर आहे, इंग्रजीत आहे आणि माझ्याकडच्या जुन्या प्रतीचा टाइप बारीक आहे. तरी सांगते, घ्या. घरातलं मूल मालिकेत, जाहिरातीत किंवा टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत असेल तर नक्कीच घ्या. माझी सगळी नोकरी बँकेत गेली. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, खातेदारांचे फॉर्म, पालकांच्या सह्या, अठरा पूर्ण झाल्यावर दाखला घेऊन येणारी मुलं, हे रोज पाहिलेलं. त्यामुळे या पुस्तकातलं पैशाचं प्रकरण मला नाचगाण्याहून जास्त भिडलं.

शर्लीचा जन्म १९२८चा, कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाचा. वडील बँकेत. आईने तिला अगदी लहानपणीच नाचाच्या शाळेत घातलं आणि तिथूनच तिला छोट्या विनोदी फिल्म्ससाठी निवडलं गेलं. त्या फिल्म्समध्ये तीन-चार वर्षांची पोरं मोठ्या माणसांच्या भूमिका करत. दंगा केला की शिक्षा म्हणून मुलांना एका काळ्या खोलीत कोंडत, आणि आत बसायला बर्फाची लादी! हे लिहिताना बाईंचा सूर जराही रडका होत नाही. वेळ वाया गेला की पैसा वाया जातो, हे आपण तिथे शिकलो, असं त्या सांगतात. मी ते पान वाचून पुस्तक मिटलं आणि बराच वेळ पुन्हा हातात घेतलं नाही.

१९३३च्या अखेरीस फॉक्स या फिल्म स्टुडिओशी करार झाला, आठवड्याला १५० डॉलर. पुढच्याच वर्षी ती घराघरांत पोचली. १९३५ ते १९३८ अशी सलग चार वर्षं अमेरिकेत तिकीटबारीवर पहिला नंबर या मुलीचा होता. मंदीचा काळ, लोकांच्या हाताला काम नाही, आणि ही पडद्यावर हसत नाचतेय. रोज रात्री आई तिच्या केसांना छप्पन्न कुरळ्या बटा घालायची. वय कमी दिसावं म्हणून एक वर्षही चोरलेलं होतं. बाराव्या वाढदिवसाला तिला कळलं की आपल्याला तेरा पूर्ण झालीत.

बिल रॉबिन्सन यांच्यावरची पानं मला सगळ्यात आवडली. १९३५ साली या कृष्णवर्णीय नर्तकाने तिचा हात धरून जिन्यावर केलेला नाच अमेरिकेतल्या वर्णभेद पाळणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांत कापून चित्रपट दाखवला गेला. ती त्यांना अंकल बिली म्हणायची. त्यांची पावलं कशी पडत, त्यांनी तिला पायांकडे न बघता ताल ऐकायला कसं शिकवलं, हे वाचताना शिष्येची माया जाणवते.

आता पैशाचं. वयाच्या बाविसाव्या वर्षी, दुसऱ्या लग्नाच्या सुमारास, शर्लीने आपल्या कमाईचा हिशेब मागितला. एकूण कमाई बत्तीस लाख डॉलरच्या घरात. शिल्लक? सुमारे ४४ हजार. बाकीचे घरखर्च, नोकरचाकर, नातेवाईक आणि वडिलांच्या व्यवहारांत गेलेले. कोर्टाने तिच्या नावे बाजूला ठेवायला सांगितलेले पैसेही वडिलांनी पूर्ण भरलेले नव्हते. कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईसाठी १९३९ साली कायदा झाला होता, तो जॅकी कूगन या आधीच्या बालनटाने आईविरुद्ध भांडून झालेला. म्हणजे कायदा होता, बाप बँकेतला होता, आणि तरी खातं रिकामं. एवढं कळूनही बाई वडिलांवर दावा करत नाहीत, रागही धरत नाहीत. मला ते पटलं नाही. क्षमा त्यांची, पण पालकाची सही म्हणजे मालकी नव्हे, हे त्या पानावर कुणीतरी ठणकावून सांगायला हवं होतं.

आपल्याकडे २०१७च्या नियमांनुसार बालकलाकाराच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो, आणि दिवसाला पाच तासांहून जास्त काम घेता येत नाही. पालकांनो, त्या ठेवीची पावती स्वतः डोळ्यांनी बघा आणि मूल वाचण्याएवढं झालं की त्यालाही दाखवा.

पुस्तकाचे दोष सांगते. स्टुडिओतल्या करारांची मधली प्रकरणं लांबली आहेत, अधिकाऱ्यांची नावं डोक्यात राहत नाहीत. पहिल्या, मोडलेल्या लग्नाबद्दल मात्र लेखणी स्पष्ट आहे. मोठी उणीव वेगळीच. १९५० साली सिनेमा सोडणारी ही बाई पुढे घानात आणि नंतर चेकोस्लोव्हाकियात अमेरिकेची राजदूत झाली. १९७२ साली स्तनाच्या कॅन्सरबद्दल ती उघडपणे बोलली, तेव्हा बायका हे घरातसुद्धा सांगत नव्हत्या. ऑगस्ट १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात सोव्हिएत रणगाडे शिरले तेव्हा ती राजधानी प्रागमध्ये होती, आणि १९८९ साली तिथली कम्युनिस्ट राजवट कोसळली तेव्हा त्याच शहरात राजदूत! एवढं आयुष्य या पुस्तकाच्या बाहेरच राहिलं. त्याचा दुसरा खंड असता तर मी तोही लगेच मागवला असता.