ड्रायर गुपचूप मान टाकतो : 16 महिने वापरल्यावर

आधी तक्रार, मग बाकीचं. कपडे वाळले की हा ड्रायर अशी धून वाजवतो की शेजारच्या विंगला कळावं, आमच्याकडे कपडे वाळले. आणि मध्येच बंद पडला तर? चकार शब्द नाही. जुलैत तीनदा असं झालं. रात्री लावून झोपले, सकाळी दार उघडलं तर लेकीचा युनिफॉर्म, टॉवेल, सगळं ओलं आणि कुबट. एक पीप वाजवायला काय जात होतं?

सहा किलोचा, व्हेंटेड (म्हणजे गरम दमट हवा पाइपातून बाहेर सोडणारा), ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या वर टांगलेला. बाकी माहिती डब्यावर असते. ठाण्याच्या पावसात याला पर्याय नाही असं माझं मत. सासूबाईंचं वेगळं आहे. गुहागरला त्या निखाऱ्यांच्या शेगडीवर डालगं पालथं घालून त्यावर लंगोट वाळवायच्या, आणि 'त्याला कुठे बिल यायचं?' हे मला आठवड्यातून एकदा ऐकावं लागतं.

पहिला पावसाळा छान गेला. वॉरंटी संपली आणि तिसऱ्या आठवड्यात नखरे सुरू. 25-30 मिनिटं चालायचा, मग गप्प. एमसीबी पडलेला नसायचा. त्याच सॉकेटला इस्त्री लावून पाहिली, तापली. अर्ध्या तासाने बटण दाबलं की स्वारी काही घडलंच नाही अशा थाटात सुरू.

कंपनीचा माणूस आला. व्हिजिटचे 500 रुपये. मागचं झाकणही न उघडता म्हणाला, "मोटर गेली, 5,200 होतील." त्याला 'कळवते' म्हणून वाटेला लावलं आणि नाक्यावरच्या रिपेअरवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम, कट-ऑफ मारतोय. तो काढून डायरेक्ट करून देतो, 200 द्या." खोटं कशाला बोलू, 5,200 पुढे 200 ऐकून मी पर्स उघडली होती.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका आले. त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. त्यांनी एकच विचारलं, "बंद पडल्यावर किती वेळाने चालू होतो गं?" अर्धा तास, म्हटलं. "मग मोटर कशी गेली? गेलेली मोटर अर्ध्या तासाने उठून बसत नाही. आत ओव्हरलोड कट-ऑफ असतो, तापला की वीज तोडतो, निवला की जोडतो. थर्मल फ्यूज उडाला असता तर तो आपला आपण जुळला नसता, बदलावाच लागला असता. कुठेतरी हवा अडतेय, ते शोध. आणि डायरेक्ट अजिबात करू नकोस. कपड्यांची तूस कापसासारखी पेटते."

मला जरा रागच आला. फिल्टर मी प्रत्येक लोडनंतर साफ करते, हो!

आता सासूबाई. पंधरा दिवस त्या सांगत होत्या की बाल्कनीच्या खिडकीला कबुतरं घरटं करतायत, स्वयंपाकघरातून राखाडी कापूस दिसतो. मी हो हो करत होते. शेवटी त्या स्वतःच झाडू घेऊन गेल्या आणि तिथून मला हाक मारली. घरटं वगैरे काही नव्हतं. बसवायला आलेल्या मुलाने पाइपाचं तोंड डासांच्या जाळीला आतून टेकवून क्लिप मारली होती. (जाळी कापू नकोस, हे त्याला मीच बजावलं होतं. नवीन जाळी होती.) पाइप काढला तर आत तुशीचा नमदा, पुरीएवढा गोल आणि भाकरीएवढा जाड. बहुतेक निळा, आमच्या टॉवेलचा, आणि मध्ये लाल रेघ, लेकीच्या नव्या टी-शर्टची. त्यातून गरम दमट हवा बाहेर जाणार कशी?

जाळीला भोक पाडलं, खर्च शून्य. सुती कपड्यांच्या ज्या लोडला सव्वादोन तास लागत होते तो दीड तासात वाळला. मी मीटर बघून ठेवते, एका लोडमागे जवळजवळ एक युनिट वाचलं. शिवाय आता वॉशिंग मशीनमध्ये जास्त आरपीएमवर एकदा फिरवून मगच कपडे ड्रायरला देते. पाणी पिळून काढणं हे उष्णतेने उडवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

इथवर मी ऑगस्टमध्ये लिहून ठेवलं होतं, चार स्टार देऊन. पोस्ट करायचं राहिलं ते बरंच झालं, कारण गणपतीत पाहुण्यांच्या चादरी लावल्या आणि हा परत बंद. माझं डोकं फिरलं. पण बटण दाबलं तर या वेळी लगेच सुरू झाला. पाच मिनिटांनी पुन्हा बंद, पुन्हा लगेच सुरू. म्हणजे तापण्याचा संबंध नाही. समोर स्टूल टाकून बसले. डबल चादरीला पीळ पडून तिचा गोळा झाला होता आणि तो फिरताना दारावर धप्पकन आपटत होता. एका धप्पला मशीन थांबलं. दाराच्या आकड्याचे दोन्ही स्क्रू ढिले झाले होते, दार हलून आतला स्विच सुटत होता. प्लग काढून स्क्रू आवळले. त्यानंतर आजतागायत थांबलेला नाही. तरी डबल चादर आता एका वेळी एकच टाकते.

कस्टमर केअरला दोन गोष्टी लिहिल्या : न उघडलेल्या झाकणाचे 500 रुपये परत द्या, आणि मशीन बंद पडल्यावर पीप द्या. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला 'फीडबॅकबद्दल धन्यवाद'.

तीन स्टार. कपडे उत्तम वाळवतो, त्याबद्दल वाद नाही. पण रात्री लावला की मी मोबाइलवर 40 मिनिटांचा गजर लावते, उठून दाराच्या काचेला हात लावून बघते, गरम लागली की परत झोपते.