ट्रॅक्टरच्या शेडातले उंदीर: औषध, पिंजरा की भोकं बुजवायची?

सोयाबीन निघालं, तूर कापली, की शेतातले उंदीर गावाकडं वळतात. शेडात त्यांना ढेपेचं पोतं, बियाण्याच्या थैल्या आणि भिंतीला टेकलेली पऱ्हाटीची गंजी असं सगळं आयतंच सापडतं. ट्रॅक्टरची वायर कुरतडली गेली, की आपण औषध आणायला धावतो.

झिंक फॉस्फाईडची काळी पूड स्वस्त आहे आणि लवकर मारते. पण पोटात तिचा फॉस्फिन वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. लेकरं-कोंबड्या फिरतात त्या घरी मी ती आणणार नाही. शिवाय थोडं खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. म्हणून आधी काही रात्री बिनविषारी कणीक खाऊ घालायची असते, आणि एवढा धीर कोणाला? ब्रोमाडिओलोन या दुसऱ्या औषधाच्या वड्यांना मारायला काही दिवस लागतात, त्यामुळं उंदराला संशय येत नाही. चुकून कोणाच्या पोटात गेलीच, तर व्हिटॅमिन के-१ देऊन उपचार होतो. पण तो उंदीर घुबडानं किंवा मांजरीनं खाल्ला, तर त्यांच्याही जिवाशी गाठ. आणि पत्र्याच्या सांदीत मेला, तर मे महिन्यात त्या शेडात उभं राहवत नाही.

पिंजऱ्यात ही भानगड नाही. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिले दोन-तीन दिवस दार बांधून उघडंच ठेवायचं, आत भजं किंवा शेंगदाणे टाकायचे, मग खटका लावायचा. मात्र भोकं उघडी असतील, तर एक धरला की दुसरा येतोच.

माझा कौल बुजवण्याला. भरदुपारी शेडाचं दार लावून आत उभं राहा. जिथून उजेड येतो तिथून उंदीर येतो. लहान उंदराला सहा मिलिमीटरची फट पुरते. पन्हाळी पत्रा भिंतीवर टेकतो तिथल्या लाटांकडं कोणी बघतच नाही. तिथं पाव इंची लोखंडी जाळी ठोका. भिंतीतल्या भोकात काचेचे तुकडे आणि सिमेंट भरा. फोम भरला तर तो कुरतडतात. दाराखाली रबरापेक्षा पत्र्याची पट्टी बरी, रबर उन्हानं तडकतं. उंदीर थांबले की त्यांच्या मागं येणारे नाग-घोणसही कमी होतात. डांबराच्या गोळ्यांनी साप थांबत नाही.

तळ मातीचा असेल, तर घूस खालून पोखरते आणि हा खर्च वाया जातो. तिथं पिंजराच घ्या, ढेप झाकणाच्या टिनाच्या कोठीत ठेवा आणि पऱ्हाटीची गंजी भिंतीपासून दूर रचा.