इंग्रजीचं शिक्षक प्रशिक्षण: कोर्स एकच, पण कोणाला लागू पडला आणि कोणाला नाही

आमच्या तालुक्यात झेडपीच्या शाळांत इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी थोडं ऑनलाइन आणि थोडं प्रत्यक्ष असं प्रशिक्षण झालं, त्याचा हा रिव्ह्यू. घेणाऱ्या संस्थेचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. पाचपैकी साडेतीन स्टार, त्यातले बहुतेक आमच्या सुलभक, म्हणजे प्रत्यक्ष प्रशिक्षण घेणाऱ्या, मॅडमना.

ऑनलाइन भागाबद्दल जास्त बोलत नाही, व्हिडिओ एकीकडे चालू, भाकऱ्या एकीकडे, आणि क्विझची उत्तरं ग्रुपवर आधीच फिरतायत. लोकांना तरी काय बोलणार, १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, २४ वर्षांनी निवडश्रेणी (त्याच्याही वरची वेतनश्रेणी), दोन्हीला प्रशिक्षणाचा कागद लागतोच, वर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांना वर्षाला ५० तास प्रशिक्षण सांगितलंय.

प्रत्यक्ष भाग मात्र मस्त. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं, दोघांच्या हातात थोडी वेगळी चित्रं, आणि इंग्रजीत प्रश्न विचारून फरक शोधायचा. आमच्यातले एक सर रिटायरमेंटला आलेले, सगळ्यांना वाटलं हे कसले बदलतायत. स्वतः पाचवीपासून भाषांतर करत करत इंग्रजी शिकलेले, पोरांसमोर ठीक पण चार शिक्षकांसमोर तोंड उघडायचे नाहीत. मॅडमनी त्यांची जोडी दुसऱ्या केंद्रातल्या अनोळखी बाईंशी लावली आणि सर जे सुटले! आता त्यांच्या तिसरीतली पोरं एकमेकांना ‘इज देअर अ डॉग?’ विचारत बसतात.

उलट एक तरुण सर, इंग्रजी फर्डं, वर्गात काडीचा फरक नाही, कारण ‘हे सगळं मला येतं’. आणि एका मॅडमचं बाळ लहान, संध्याकाळी चित्रकार्डं बनवायला वेळ कुठला, तिने एकच गोष्ट उचलली, प्रश्न विचारल्यावर उत्तर स्वतःच न देता जरा थांबायचं. तयारी शून्य, आणि मागच्या बाकावरची मुलं बोलायला लागली म्हणते.

माझी मेन तक्रार इथेच आहे. सुरुवातीला आमची ग्रामरची टेस्ट घेतली, पण भीती कशाची वाटते, घरी वेळ किती मिळतो, इथे स्वतःहून आलात की ऑर्डर निघाली म्हणून, हे कोणी विचारलंच नाही. सगळ्यांना तेच हँडआउट (झेरॉक्स पण फिकट). नंतरचा फॉलोअप म्हणजे ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं. २०१६ ला महाराष्ट्रात इंग्रजीच्या शिक्षकांसाठी तेजस प्रकल्प आला होता, त्यात शिक्षकांचे स्थानिक गट करून आपल्यातल्याच कोणीतरी बैठका घ्यायच्या अशी पद्धत होती, तसं काही जोडलं असतं तर चार स्टार नक्की दिले असते.

जाणार असाल तर आपल्याच शाळेतल्या कोणाबरोबर जोडीत बसू नका, आणि डबा घरूनच न्या, तिथली खिचडी नको रे बाबा.