कोकणातल्या घरासाठी फायबर की वायरलेस राऊटर? विजेच्या अंगाने एक तुलना

दापोली-गुहागरकडच्या एखाद्या वाडीत इंटरनेट घ्यायचे झाले, तर फायबर आणि मोबाइल टॉवरवर चालणारा वायरलेस राऊटर असे दोन पर्याय समोर येतात. वेग आणि मासिक भाडे यांचा हिशेब वाचकांनी केलेलाच असेल. आमच्या घरी मात्र निर्णय विजेवर झाला.

आपण पाहतो त्या चित्रफितींची प्रत बहुधा सेवा देणाऱ्या कंपनीच्या जवळच्या सर्व्हरवर आधीच ठेवलेली असते, त्यामुळे खरा प्रश्न उरतो तो तेथून घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याचा. फायबरमध्ये एक्स्चेंजमधून निघालेला प्रकाश वाटेतल्या स्प्लिटरमध्ये ३२ किंवा ६४ घरांना वाटला जातो आणि या स्प्लिटरला वीज लागतच नाही. जीपॉन या घरगुती फायबरच्या प्रचलित पद्धतीत साधारण २० किलोमीटरपर्यंत हे निभते. टॉवरवरची यंत्रणा मात्र कोणी वापरो वा न वापरो, वीज घेतच राहते, आणि सिग्नल क्षीण असला की घरातल्या राऊटरलाही अधिक जोर लावावा लागतो. डोंगराच्या आडोशाला, जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात हे नित्याचेच आहे. आमचा राऊटर माडीच्या खिडकीत ठेवूनही हाताला चांगलाच गरम लागत असे.

एवढे चालवून घेतले असते. आषाढात फांदी तारांवर पडून वीज गेली की ती कधी कधी दुसऱ्या दिवशीच येते. अशा वेळी घरचा इन्व्हर्टर चालू, राऊटरचे दिवे लागलेले, आणि इंटरनेट नाही, कारण टॉवरची बॅटरी आमच्या बॅटरीच्या आधीच संपलेली. मुलीचा ऑनलाइन वर्ग अर्ध्यावर तुटे. आपल्या घरची तरतूद चोख असूनही ती निरुपयोगी ठरावी, हे मला शेवटपर्यंत खटकत राहिले.

फायबरचे एक्स्चेंज तालुक्याच्या गावी आहे, तेथे बॅटऱ्या आणि जनरेटर आहेत, आणि तेथून आमच्या पडवीपर्यंत वीज लागणारे काहीच नाही. घरातल्या ओएनटीला, म्हणजे फायबरमधल्या प्रकाशाचे विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या पेटीला, १० वॅट धरले तरी महिन्याला सुमारे ७ युनिटच होतात. ती मी १२ व्होल्टच्या छोट्या डीसी यूपीएसवर ठेवली आहे, म्हणजे बॅटरीची वीज आधी एसी आणि मग अडॅप्टरमध्ये पुन्हा डीसी करण्यातली नासाडीही टळते. मात्र काही ठिकाणी स्थानिक केबलचालक वाटेत विजेवर चालणारा स्विच बसवतात. तशी जोडणी असेल तर हा सारा फायदा जातो, म्हणून पैसे भरण्यापूर्वी तेवढे अवश्य विचारावे.

फायबरही बहुधा खांबांवरूनच येते आणि तुटली की जोडणारा माणूस येईपर्यंत थांबावे लागते, हे मान्य केले पाहिजे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात खांबच आडवे झाले, तेव्हा टॉवरही बंद पडले होते. ज्यांचे घर टॉवरच्या थेट नजरेत आहे आणि जेथवर फायबर ओढायला कोणी तयार नाही, त्यांनी वायरलेस घेण्यास माझी हरकत नाही. बाकीच्यांनी माझ्या मते फायबरचीच मागणी नोंदवावी, आणि ती पावसापूर्वी नोंदवावी.