एनपीटीईएलचा पायथन अभ्यासक्रम : संगणकशास्त्र नेमके कुठे अवघड जाते

दरवर्षी सीईटीचा निकाल लागून प्रवेशाचे पर्याय भरण्याची वेळ आली, की नाशिकमधल्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते : कॉम्प्युटरची पदवी खरोखरच फार अवघड असते का, आणि पुढे प्रोग्रामिंगची नोकरी मुलाला किंवा मुलीला झेपेल का? मी बरीच वर्षे पुण्यात प्रोग्रामर म्हणून काम केले आणि आता तेच काम नाशिकमधून करते, त्यामुळे ओळखीचे पालक हा प्रश्न मलाही विचारतात. हल्ली मी त्यांना मत देण्याऐवजी एक मोफत अभ्यासक्रम सुचवते. माझी भाची इथल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्याबरोबर बसून मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते.

अभ्यासक्रमाचे नाव ‘प्रोग्रामिंग, डेटा स्ट्रक्चर्स अँड अल्गोरिदम्स यूझिंग पायथन’ असे असून तो पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतून चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे प्राध्यापक माधवन मुकुंद शिकवतात. एनपीटीईएल हा आयआयटी आणि बंगळूरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ मध्ये सुरू केलेला ऑनलाइन अभ्यासक्रमांचा उपक्रम आहे. अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा आहे, शिकण्यासाठी नोंदणी मोफत आहे आणि प्रमाणपत्र हवे असल्यास वेगळे शुल्क भरून परीक्षा केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते.

पहिल्याच व्याख्यानाने माझी खात्री पटली. प्रोग्रामिंग शिकवताना पडद्यावर एखादे वाक्य छापून दाखवण्याची सर्वत्र पद्धत आहे, पण मुकुंद सरांनी सुरुवात केली आहे ती आपण शाळेत शिकलेल्या मसाविपासून. आधी दोन्ही संख्यांचे सगळे विभाजक लिहून काढायचे आणि सामाईक विभाजकांतला सर्वांत मोठा घ्यायचा. मग या यादीची गरज आहे का, असे विचारायचे. मग दोन्हींतल्या लहान संख्येपासून एकेक पायरी खाली यायचे. आणि अखेरीस सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी युक्लिडने नोंदवलेल्या रीतीपर्यंत पोहोचायचे. १०७१ आणि ४६२ या संख्या घेतल्या, तर विभाजक शोधण्यासाठी शेकडो संख्या तपासाव्या लागतात. युक्लिडच्या रीतीने मात्र १०७१ ला ४६२ ने भागल्यावर बाकी १४७, ४६२ ला १४७ ने भागल्यावर बाकी २१, आणि १४७ ला २१ ने निःशेष भाग जातो, म्हणजे तीन भागाकारांत २१ हे उत्तर हाती येते. दोन्ही रीती बरोबर आहेत, तरीही त्यांतली एक कितीतरी पटींनी चांगली आहे, आणि ती का चांगली आहे हे सिद्ध करता येते. पदवीच्या चार वर्षांत जे शिकवले जाते त्यातला फार मोठा भाग याच विचाराचा विस्तार आहे आणि तो बारावी झालेल्या मुलाला पहिल्या तासात दिसतो, ही या अभ्यासक्रमाची सर्वांत मोठी जमेची बाजू मला वाटते.

दुसऱ्या आठवड्यात पायथन संगणकाच्या स्मृतीमध्ये गोष्टी कशा ठेवते, हा भाग येतो. भाचीने तो भरभर पाहिला आणि गृहपाठाला बसली. तिने गुणांची एक यादी तयार केली, तिला दुसरे नाव दिले आणि पहिल्या यादीतला एक आकडा बदलला, तर दुसऱ्या यादीतही तोच बदल दिसू लागला. “मावशी, मी दुसऱ्या यादीला हातसुद्धा लावला नाही गं,” असे ती पुनःपुन्हा म्हणत होती. याद्या मुळात दोन नव्हत्याच. एकाच यादीला दोन नावे होती. मी उत्तर सांगितले नाही. तिने वहीत चौकोन काढले, नावांपासून चौकोनांकडे बाण काढले, आणि दोन्ही बाण एकाच चौकोनाकडे जातात हे तिच्या लक्षात आले. आपण यंत्राला काय सांगितले असे आपल्याला वाटते आणि प्रत्यक्षात काय सांगितले, यांतला फरक शोधणे हे प्रोग्रामरचे रोजचे काम आहे, आणि त्याची सवय होईपर्यंत ते मनाला थकवते. संगणकशास्त्र अवघड आहे असे म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळजण याच थकव्याबद्दल बोलत असतात.

तिसऱ्या आठवड्यापासून खरी चढण सुरू होते. एखाद्या मोठ्या शहराच्या मतदारयादीत दहा लाख नावे आहेत असे समजा. यादी अकारविल्हे लावलेली असेल, तर दर वेळी मधले नाव पाहून निम्मी यादी बाजूला टाकत गेल्यास जास्तीत जास्त वीस वेळा पाहून हवे ते नाव सापडते. पण ती यादी क्रमाने लावायची कशी? दर वेळी क्रमाने सर्वांत आधी येणारे नाव शोधून पुढे ठेवण्याच्या सोप्या रीतीने सुमारे पन्नास हजार कोटी तुलना कराव्या लागतात. सेकंदाला एक कोटी तुलना होतात असे धरले तरी हे काम जवळजवळ चौदा तास चालेल. यादीचे अर्धे अर्धे भाग करून, ते लावून, पुन्हा एकत्र गुंफण्याच्या रीतीने, म्हणजे मर्ज सॉर्टने, तेच काम दोन-तीन सेकंदांत होते. हा हिशेब स्वतः मांडून पाहिल्याशिवाय ‘ओ’ चिन्हाची भाषा, म्हणजे यादी वाढेल तसे काम किती वाढते हे सांगण्याची रीत, कोरडी वाटते, आणि मांडून पाहिल्यावर ती विसरता येत नाही.

या अभ्यासक्रमासाठी प्रोग्रामिंगचे पूर्वज्ञान लागत नाही, असे त्याच्या परिचयात म्हटले आहे. पहिल्या दोन आठवड्यांपुरते ते मला मान्य आहे. त्यानंतर मात्र गणिती पद्धतीने विचार करण्याची सवय गृहीत धरली जाते आणि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीचाही अडसर जाणवतो. व्याख्याने स्पष्ट आणि संथ आहेत, तरीही अशा विद्यार्थ्याने एक व्हिडिओ दोनदा पाहण्याची तयारी ठेवावी. सहाव्या आठवड्यातले आठ वजिरांचे कोडे, म्हणजे बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर एकमेकांच्या माऱ्यात येणार नाहीत असे मांडणे, तर कागदावर चौकटी आखल्याशिवाय कोणालाच समजणार नाही. त्याची एकूण ९२ उत्तरे आहेत आणि ती सगळी प्रोग्रामकडून काढून घेण्यात भाचीला झालेला आनंद मी जवळून पाहिला आहे.

गृहपाठाची तपासणी यंत्र करते. काही चाचण्या आधी दाखवलेल्या असतात आणि काही झाकलेल्या असतात. रिकामी यादी दिली तर काय होईल, सारख्याच संख्या आल्या तर काय होईल, याचा विचार न करता लिहिलेला प्रोग्राम झाकलेल्या चाचण्यांत अडकतो. मला ही शिस्त फार मोलाची वाटते, कारण महाविद्यालयातल्या प्रॅक्टिकलमध्ये ती क्वचितच लागते.

पदवीची गोष्ट वेगळी आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, डेटा स्ट्रक्चर्स, डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, मायक्रोप्रोसेसर आणि मुले जिला ‘एम-थ्री’ म्हणतात ती गणिताची परीक्षा, हे सगळे एकाच वर्षात येत असे. यांपैकी कोणताही विषय सुटा घेतला तर नेटाने शिकता येतो. त्याबरोबर जर्नल, सबमिशन आणि ओरल यांची घाई असते आणि विचार करायला सलग वेळ मिळत नाही. माझ्या पाहण्यात बॅकलॉग राहिलेली बहुतेक मुले बुद्धीने कमी नव्हती. पाठांतरावर पहिले वर्ष निघून गेले, म्हणून दुसरेही तसेच निघेल असे त्यांनी गृहीत धरले होते.

नोकरीसाठी हा अभ्यासक्रम पुरेसा नाही, हेही स्पष्टपणे सांगायला हवे. कामावर मर्ज सॉर्ट स्वतः लिहिण्याची वेळ सहसा येत नाही. पायथनमध्ये टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये तयार केलेली टिमसॉर्ट ही रीत आयती मिळते, आणि तीसुद्धा या अभ्यासक्रमात शिकवलेल्या मर्ज सॉर्ट आणि इन्सर्शन सॉर्ट (एकेक घटक आधी लावलेल्या भागात योग्य जागी घालण्याची रीत) यांच्याच मिलाफातून बनली आहे. सातपूरच्या कंपनीत असो वा हिंजवडीच्या, नोकरीतले अवघड काम म्हणजे सोडून गेलेल्या माणसाने लिहिलेला हजारो ओळींचा कोड वाचणे, ग्राहकाने ऐनवेळी बदललेली मागणी समजून घेणे आणि आपला बदल दुसरीकडे काही मोडणार नाही याची काळजी वाहणे. ते अनुभवानेच येते. मात्र वहीत चौकोन आणि बाण काढून चूक शोधण्याची सवय असलेली मुलगी ते लवकर शिकते, हे मी कामाच्या ठिकाणी नवख्यांना शिकवताना पाहिले आहे.

बारावीनंतरच्या सुट्टीत, पर्याय भरण्यापूर्वी, या अभ्यासक्रमाचे पहिले तीन आठवडे जरूर करावेत. त्या वेळी परीक्षेची नोंदणी करण्याची गरज नाही आणि तिसऱ्या आठवड्यापाशी बरेच दिवस रेंगाळावे लागले तरी घाबरण्याचे कारण नाही. गृहपाठ सोडून केवळ व्हिडिओ पाहायचे असतील, तर मात्र हा अभ्यासक्रम सुरू करू नये. पालकांनी गुणांपेक्षा एवढेच पाहावे, की न चालणारा प्रोग्राम मुलाने रात्री तसाच सोडला का, आणि दुसऱ्या दिवशी तो आपणहून पुन्हा उघडला का.