स्टोरेज की इन्स्टंट? आधी ठरवा, बादली की शॉवर

गीझर घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "घरात माणसं किती?" चार म्हटलं की १५ किंवा २५ लिटरचा स्टोरेज, दोन म्हटलं की ३ लिटरचा इन्स्टंट. पहिला टाकीत पाणी तापवून साठवतो, दुसरा नळ सोडल्यावर वाहतं पाणी तापवतो. मला विचाराल तर माणसं मोजण्याआधी आंघोळ कशी करता ते पाहावं. बादली-तांब्या की शॉवर? उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं.

आपल्याकडचा बाजारातला इन्स्टंट साधारण ३ किलोवॉटचा असतो. तेवढ्या विजेत मिनिटाला २ लिटर पाणी सुमारे २२ अंशांनी तापतं, मग कंपनी कुठलीही असो. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १८ अंश धरा आणि आंघोळीला ४० अंश लागतात असं समजा. म्हणजे मिनिटाला २ लिटर आणि १५ लिटरची बादली आठ मिनिटांत. नळ पूर्ण सोडला तर पाणी कोमटच येणार; त्यात गीझरचा दोष नाही.

स्टोरेजमध्ये सहसा २ किलोवॉटचं कॉइल असतं. १५ लिटरची टाकी १८ वरून ६० अंशांवर न्यायला त्याला बावीसेक मिनिटं लागतात. त्यात गार पाणी मिसळलं की जेमतेम दोन बादल्या होतात. पुढच्या प्रत्येक बादलीला आणखी अकरा-बारा मिनिटं थांबायचं. आता चौघांच्या आंघोळी एकामागून एक धरा. इन्स्टंटवर चौथी बादली अर्ध्या तासात भरते, स्टोरेजवर पाऊण तासात. "मोठं कुटुंब म्हणजे स्टोरेजच" हा सल्ला बादलीवाल्या घरात इथेच लंगडा पडतो.

स्टोरेजचा फायदा वेगळा आहे. पहाटे साडेपाचला उठणारं कुणी घरात असेल आणि त्याने बटण दाबलं, तर सहाला पहिल्या दोघांना न थांबता पाणी मिळतं. वीज जाण्याची वेळ ठरलेली असेल, तर त्याआधी टाकी तापवून ठेवता येते. इन्स्टंटचं वीज गेली की संपलं.

शॉवर असेल तर मात्र चर्चा संपलीच. साधा शॉवरही मिनिटाला ६ लिटर तरी मागतो. ३ किलोवॉटच्या इन्स्टंटवर हिवाळ्यात तिथून कोमट पाणी येतं, नाहीतर नुसती धार. स्टोरेजच घ्या आणि १५ नको, २५ लिटरचा घ्या. तोही वरच्या हिशेबाने एका माणसाला आठ मिनिटं पुरतो. कॉलेजला जाणारी मुलं घरात असतील तर ही आठ मिनिटं किती तोकडी असतात, ते सांगायला नको.

हवामानाचा फरकही मोठा आहे. मुंबईत किंवा कोकण किनाऱ्यावर पाणी मुळातच २४ अंशांच्या आसपास असलं, तर इन्स्टंट बादली पाच-सहा मिनिटांत भरतो. बादलीवाल्यांनी तिथे स्टोरेजचा खर्च कशाला करावा, मला कळत नाही. निफाडच्या थंडीत पाणी १२ अंशांवर गेलं की त्याच बादलीला दहा मिनिटं लागतात. कढत पाण्याशिवाय ज्यांचं भागत नाही, त्यांनी तिकडे स्टोरेजच पाहावा.

बिलाबद्दल गैरसमज फार आहेत. १५ लिटर पाणी १८ वरून ४० अंशांवर न्यायला जेमतेम ०.४ युनिट लागतं, गीझर कोणताही असो. चौघांचं महिन्याचं पंचेचाळीस-पन्नास युनिट होतं. महावितरणच्या बिलात १०० युनिटांपुढे दर चढतो, म्हणून ते टोचतं एवढंच. स्टोरेज महाग पडतो तो दिवसभर चालू ठेवल्याने, कारण टाकीतली उष्णता हळूहळू निघून जात राहते आणि कॉइल ती पुन्हा भरत राहतं. स्टोरेजवरचे बीईईचे, म्हणजे वीजबचतीचं मानांकन देणाऱ्या सरकारी संस्थेचे, तारेही याच गळतीवर ठरतात. अर्धा तास चालवून बंद करण्याची शिस्त घरात असेल, तर पाच ताऱ्यांसाठी जास्तीचे पैसे मोजण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. बटण चालूच राहणारं घर असेल तर जरूर मोजा.

वायरिंग आधी तपासा. ३ किलोवॉट म्हणजे १३ अँपिअर. जुन्या चाळीतल्या किंवा वाड्यातल्या वायरिंगवर, त्यातच इस्त्री आणि मिक्सर चालू असताना, हा भार झेपेलच असं नाही. १६ अँपिअरचा पॉइंट, नीट अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) दोन्ही प्रकारांना हवीच. ४.५ किलोवॉटचा इन्स्टंट तर १६ अँपिअरच्या प्लगवर लावूच नका. त्याला स्वतंत्र जाड वायर आणि एमसीबी लागतो.

बोअरचं पाणी असेल तर क्षार दोघांनाही छळतो. स्टोरेजमध्ये मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड असतो, तो झिजून टाकीला वाचवतो; तो वेळच्या वेळी बदलणारे लोक मी फार थोडे पाहिले आहेत. इन्स्टंटच्या कॉइलवरही थर बसतो, पण यंत्रच स्वस्त असल्याने नुकसान कमी. उंच इमारतीत प्रेशर पंप असेल तर ८ बार (पाण्याचा दाब सोसण्याची क्षमता) लिहिलेलाच स्टोरेज मागा.

अमेरिकेतले नातेवाईक "टँकलेसच (बिनटाकीचाच) घ्या" म्हणतात, त्यांचं तिथे खरं असतं. तिथला टँकलेस भिंतीवरचा, बहुधा गॅसचा आणि अख्ख्या घराला पुरणारा असतो. आपल्या ३ लिटरच्या डब्याशी त्याची तुलना नको.

आपल्याकडे त्याच्या जवळचा म्हणजे गॅस गीझर. मिनिटाला ५-६ लिटर गरम पाणी देतो, शॉवरही चालतो, वीज गेली तरी बिघडत नाही. पण तो बाथरूमच्या आत लावायचा नाही, खिडकी असली तरी नाही. जळणाऱ्या गॅसमुळे कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो, त्याला वास नसतो आणि बंद बाथरूममध्ये माणसं दगावली आहेत. उघड्या गॅलरीत किंवा हवा खेळत्या डक्टमध्ये जागा असेल आणि पाइप आत नेता येत असेल तरच त्याचा विचार करा.