ग्लुकोमीटर की दंडावरचा सेन्सर: मधुमेही घराने काय निवडावे

गोव्यातील मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक, म्हणजे 26.4 टक्के असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. देशाचे प्रमाण तेव्हा 11.4 टक्के होते. येथील अनेक घरांत ग्लुकोमीटर आहेच, आणि आता त्याच्या जोडीला किंवा त्याच्या जागी दंडावर चिकटवायचा सेन्सर घ्यावा का, असा प्रश्न पडू लागला आहे. माझ्या मते, रुग्ण इन्सुलिन घेतो का आणि दिसलेल्या आकड्यावरून त्याच्या मात्रेत, जेवणात किंवा चालण्यात काही बदल होणार आहे का, या दोन गोष्टींवर त्याचे उत्तर ठरते.

ग्लुकोमीटर रक्ताच्या थेंबातून त्या क्षणाची साखर सांगतो. सेन्सरची बारीक तार त्वचेखालील द्रवातील साखर दर काही मिनिटांनी मोजते आणि नेहमीच्या प्रकारांत सुमारे 14 दिवस चालते. हा द्रव रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो, म्हणून साखर झपाट्याने चढत-उतरत असताना दोन्ही यंत्रांचे आकडे जुळले नाहीत, तरी कोणते तरी यंत्र बिघडले आहे असे समजू नये. झोपेत त्या दंडावर भार पडला तर साखर खोटीच कमी दिसू शकते. आपल्याकडच्या दमट हवेत आणि घामात चिकटपट्टी सुटण्याची व त्वचेला खाज येण्याची तक्रारही गृहीत धरावी.

सेन्सरचे सर्वांत मोठे मोल रात्रीचे आहे. झोपेत साखर 70 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली गेलेली ग्लुकोमीटरला कळणे जवळजवळ अशक्य असते, कारण त्या वेळी बोट टोचायला कोणी जागेच नसते; इशारा देणारा सेन्सर मात्र रुग्णाला उठवतो, आणि मुलगा तारवटी (जहाजावर नोकरीला) असो वा आखातात नोकरीला, नेट असेल तेथे त्याच्या मोबाईलवरही आईचा आकडा पोहोचवतो. एकट्या राहणाऱ्या, इन्सुलिन घेणाऱ्या वृद्धासाठी ही चैन आहे असे मी म्हणणार नाही. 2021 च्या ‘मोबाईल’ (MOBILE) नावाच्या वैद्यकीय चाचणीत दिवसातून एक-दोनदा दीर्घ परिणामाचे इन्सुलिन घेणाऱ्या टाइप 2 (मधुमेहाचा सर्वसाधारणपणे आढळणारा प्रकार) रुग्णांचे सरासरी एचबीए1सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, आठ महिन्यांत सेन्सरमुळे 9.1 टक्क्यांवरून 8.0 वर आले, तर बोट टोचून तपासणाऱ्यांचे 9.0 वरून 8.4 वर. फरक आहे, पण साध्या पद्धतीनेही सुधारणा झाली, हे नजरेआड करू नये.

आता खर्च. एक सेन्सर साडेचार हजारांना धरला, तर वर्षाला 26 सेन्सरचे 1,17,000 रुपये होतात. ग्लुकोमीटरची वीस रुपयांची पट्टी दिवसातून चार वेळा वापरली तरी 29,200 रुपयांत भागते. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे अडीच किंवा चार लाखांचे संरक्षण इस्पितळातील ठरावीक उपचारांसाठी आहे, तेव्हा सेन्सरचा खर्च खिशातूनच होईल असे धरून चालावे.

केवळ गोळ्यांवर असलेल्यांनी हा वार्षिक खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इन्सुलिन न घेणाऱ्या टाइप 2 रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज बोट टोचून तपासणाऱ्यांच्या आणि न तपासणाऱ्यांच्या एचबीए1सीत वर्षाअखेर लक्षणीय फरक आढळला नव्हता. त्यांच्यासाठी दर तीन ते सहा महिन्यांनी होणारी प्रयोगशाळेतील तपासणी अधिक उपयोगी. फार तर औषध बदलण्याच्या वेळी डॉक्टरांना विचारून एकच सेन्सर लावावा, आणि त्या 14 दिवसांत शीत-कडी, पाव, उकड्या तांदळाची पेज हे सारे नेहमीसारखेच खावे. पथ्य पाळून काढलेला आलेख डॉक्टरांना दिशाभूल करणारा ठरेल.

टाइप 1 च्या (ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा) रुग्णाने, तसेच वारंवार साखर उतरत असूनही ज्याला त्याची लक्षणे जाणवत नाहीत अशा रुग्णाने, शक्य असल्यास सेन्सर नियमित वापरावा. मात्र ग्लुकोमीटर टाकून देऊ नये: घाम, थरथर जाणवत असून सेन्सर साखर ठीक दाखवत असेल, तर बोट टोचूनच खात्री करावी.